कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी: जुन्या गाडीचं टायमिंग आणि मिक्स्चर जागेवर आणताना

जुनी गाडी मिसिंग मारायला (चालता चालता झटके खायला) लागली की बॉनेट उघडणाऱ्याचा हात आधी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो. तो समोरच असतो, त्याच्यावर फिरवता येतील असे दोन स्क्रू असतात आणि ते फिरवले की इंजिनाचा आवाज बदलतो. आपण काहीतरी करतोय असं समाधान मिळतं. मीही एकदा याच समाधानात दोन रविवार घालवले. गाडी जागेवर झकास उभी राहायची, पेडल पूर्ण दाबलं तरी सरळ पळायची, पण सावकाश एका वेगात चालवताना झटके खायची. कार्ब्युरेटर दोनदा खोलला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) फुंकले, पॅकिंग बदललं. काही फरक नाही. शेवटी वैतागून डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढलं, त्याला इंजिनाची ओढ पोचवणारी व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढली आणि आत पाहिलं. पॉइंटच्या (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) प्लेटला अर्थ देणारी बोटभर लांबीची वेणीदार तार एका टोकाला दोन-तीन धाग्यांवर लोंबकळत होती. व्हॅक्यूमने प्लेट सरकवली की ती तार सुटायची आणि करंट तुटायचा. जागेवर व्हॅक्यूमची नळी रिकामी, पेडल पूर्ण दाबलं की व्हॅक्यूमच नाही, म्हणून त्या दोन्ही वेळी गाडी ठीक. कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाची तब्येत, मग पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा का चालत नाही तेही सांगतो. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं. टायमिंग बदललं की आयडलचा, म्हणजे जागेवर चालतानाचा वेग बदलतो. समजा, टायमिंग मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. इंजिन जागेवर बंद पडतं, म्हणून तुम्ही आयडलचा स्क्रू आवळता. थ्रॉटलची (पेडलने उघडणारी) पाकळी जास्त उघडते, पेट्रोल दुसऱ्याच छिद्रांतून यायला लागतं आणि मिक्स्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नाही. मग तुम्ही म्हणता, कार्ब्युरेटर बिघडलाय.

सुरू करण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद जागेत चालत्या इंजिनाचा धूर माणूस मारतो. हॅण्डब्रेक ओढा, चाकाला अडसर लावा, गियर न्यूट्रल. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. सैल बाह्या, गळ्यातला गमछा, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. टायमिंग लाइटबद्दल एक गोष्ट खास लक्षात ठेवा: लाइट आणि पंख्याची लय जुळली की फिरणारा पंखा चक्क थांबलेला दिसतो. दिसतो, पण थांबलेला नसतो.

तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल असेल तर खाली दिलेल्या आकड्यांपेक्षा त्यातले आकडे खरे धरा. आणि एक वही ठेवा. प्रत्येक बदल करण्याआधी स्क्रू कुठे होता ते त्यात लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

इंजिन धड आहे का

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याची) वायर काढून ठेवा, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. एकच सिलिंडर फार खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग झिजल्यात, नाही आला तर बहुधा वॉल्व्ह. असं असेल तर पुढचं सगळं इथेच थांबवा. रिंग गेलेल्या सिलिंडरला कोणताही स्क्रू वाचवत नाही. टॅपेटचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅपही आत्ताच तपासा. टॅपेट टाइट असेल तर वॉल्व्ह नीट बसत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फुस्स करून उलटी हवा येते, हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखी.

हाताशी असलेले प्लग तसेच पुसून टाकू नका, आधी वाचा. फिक्या तपकिरी रंगाचं टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं पोर्सेलिन म्हणजे मिक्स्चर पातळ (पेट्रोल कमी) किंवा टायमिंग फार ॲडव्हान्स (ठिणगी फार लवकर). पण हे वाचन चांगल्या लांब रपेटीनंतरच खरं. गाडी फक्त काढून दुसरीकडे लावली असेल तर चोकमुळे (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त देणाऱ्या पाकळीमुळे) प्लग काळेच दिसणार. एकच प्लग इतरांपेक्षा वेगळा असेल तर तो दोष बहुधा त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या वायरचा, कार्ब्युरेटरचा नव्हे. एकच कार्ब्युरेटर सगळ्यांना पाजतो. प्लगचा गॅप बहुतेक जुन्या इंजिनांत ०.६ ते ०.८ मिमी असतो.

पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांची मंडळी

ही पॉइंट-कॉइलची पद्धत चार्ल्स केटरिंग यांच्या डोक्यातून आली आणि १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसली. पुढची साठेक वर्षं जगभरच्या बहुतेक गाड्या तिच्यावरच चालल्या, त्यामुळे एकदा शिकलात की कोणत्याही बनावटीच्या गाडीवर उपयोग होतो.

झाकण काढा आणि उजेडात फिरवून बघा. आतल्या पितळी टोकांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट त्या रेघेवरून पळतोय. रेघ घासून जात नाही, झाकण बदलायचं. मधला कार्बनचा दांडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का ते बोटाने दाबून बघा. झाकणाखाली फिरणारा रोटर झाकणाएवढाच महत्त्वाचा. त्याला बारीक तडा असेल तर करंट आतल्या आत शाफ्टला जातो. प्लग वायरी जुन्या असतील तर अंधारात इंजिन चालू करून बघा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

आता पॉइंट. इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडतील. गॅप साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी. फीलर गेज (मोजक्या जाडीची पट्टी) हलकेच अडकत सरकायला हवं. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलेले पॉइंट असतील तर गेज टेंगळावर टेकतं आणि फसवतं. असे पॉइंट घासत बसू नका, बदला. बदलल्यावर कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. कोरड्या कॅमवर टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडत जातं. महिन्याभरापूर्वी ट्यून केलेली गाडी हळूहळू मरगळते ती बरेचदा यामुळेच.

ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) मोजणारा मीटर असेल तर फीलर गेजपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. चार सिलिंडरला साधारण ५० ते ६० अंश, सहाला ३५ ते ४०, आठला ३० च्या आसपास. गॅप कमी केला की ड्वेल वाढतो, आणि ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग साधारण एक अंश मागे जातं. म्हणून पॉइंट आधी, टायमिंग नंतर. मीटर लावलेलाच असताना रेस वाढवा. ड्वेल दोन-तीन अंशांहून जास्त हलला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश झिजलंय. शाफ्ट बोटाने आडवा हलवून बघा. खुळखुळा जाणवला तर कुठलंच टायमिंग टिकणार नाही.

कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा छोटा डबा) गेल्याची खूण: पॉइंटच्या तोंडावर जाड ठिणग्या उडतात आणि प्लगला मात्र बारीक, पिवळट करंट (ठिणगी) येतो. चांगला करंट निळसर-पांढरा असतो आणि ऐकू येतो. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, या भ्रमात राहू नका. मी जुना चालता कंडेन्सर कधी फेकत नाही, डिकीत ठेवतो. गाडी थंड असताना ठीक आणि तासाभराने गरम झाल्यावर बंद पडत असेल, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होत असेल, तर संशय कंडेन्सर आणि कॉइलवर धरा. बंद पडल्या क्षणी करंट बघितला तरच पकडता येतो. नंतर सगळे साळसूद असतात.

टायमिंग: आधी बल्बवर

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. अंगठा उडवणारी हवा आली की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतोय. ही पायरी गाळू नका. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकच्या पुलीवरची खूण दोन वेळा जुळते आणि त्यातली एक चुकीची असते. डिस्ट्रिब्युटर काढून बसवल्यावर गाडी नुसते फटाके फोडते आणि चालू होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. दुसरं कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. चार सिलिंडरला १-३-४-२ किंवा १-२-४-३, सरळ सहाला १-५-३-६-२-४ सापडते. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते बघून वायरी लावा.

पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा, समजा टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या) ८ अंश आधी. खूण पार करून गेलात तर नुसतं मागे आणू नका; बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनचा ढिलेपणा निघून जातो. कॉइलच्या ज्या टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरला जाते त्या टोकाला १२ व्होल्टच्या छोट्या बल्बची एक वायर, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जरा सैल करा, बॉडी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवा म्हणजे बल्ब विझेल. मग उलट्या दिशेने अगदी सावकाश, केसभर. ज्या क्षणी बल्ब पेटेल तिथे थांबा, बोल्ट आवळा. इग्निशन लगेच बंद. पॉइंट मिटलेले राहून कॉइल तापते.

बॉडी रोटरच्या उलट दिशेने वळवली की टायमिंग ॲडव्हान्स, त्याच दिशेने वळवली की रिटार्ड. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम सोपं होतं.

मग लाइटवर

पुलीची खूण आणि हवा तो अंश यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. लाइटची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरला. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढा आणि तिचं तोंड बुजवा, नाहीतर तिथूनच इंजिन हवा घेईल. आयडल शक्य तितकं खाली ठेवा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं अजून उघडलेली नसतील. लाइट मारा, खूण बघा, लागेल तेवढी बॉडी वळवा.

इथेच थांबू नका. लाइट खुणेवर धरून रेस हळूहळू वाढवा. खूण सलग, गुळगुळीत पुढे सरकायला हवी. अनेक जुन्या इंजिनांत ३००० आरपीएमच्या आसपास एकूण ३० ते ३६ अंशांवर ती थांबते. सरकलीच नाही तर वजनं गंजून अडकलीत. अशी गाडी जागेवर छान आणि रस्त्यावर बैलगाडी. एकदम उडी मारली तर स्प्रिंग तुटलंय. रेस सोडल्यावर खूण परत आली नाही तर वजनं सुकलीत. झाकण काढून रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने वळवा आणि सोडा, तो टुणकन मागे यायला हवा. मग व्हॅक्यूम: नळी तोंडात धरून हवा ओढा आणि जिभेने बंद करा. प्लेट सरकून तशीच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय.

रबरी थराची पुली असेल तर आणखी एक फसवणूक संभवते. बाहेरची कडी रबरावर सरकते आणि खूणच खोटी बोलू लागते. खात्री करायची तर बॅटरीची वायर काढा, प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप (पिस्टन अडवणारा दांडा) बसवा, इंजिन हाताने पिस्टन टेकेपर्यंत फिरवा, पुलीवर खूण करा. मग उलट्या दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप. सेल्फ मारून हे करू नका, पिस्टनला भोक पडेल.

शेवटचा निकाल रस्त्यावर. इंजिन गरम असताना टॉप गियरमध्ये हलक्या चढावर पेडल दाबा. टिणटिण असा नॉकिंगचा आवाज आला तर एक-दोन अंश मागे घ्या. आज मिळणारं पेट्रोल मॅन्युअल छापलं तेव्हाचं नाही, त्यामुळे तिथला आकडा सुरुवात समजा. फार ॲडव्हान्स असेल तर नॉकिंग होतंच, शिवाय गरम इंजिन सेल्फला लाथ मारतं. फार मागे असेल तर गाडी मरगळते, तापते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

आता कार्ब्युरेटर

पहिला प्रयोग फुकटचा आहे. गाडी झटके खात असताना चोक थोडा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, किंवा दोष इग्निशनचा आहे आणि तुम्ही वरच्या पायऱ्या घाईत उरकल्यात.

कार्ब्युरेटर खोलण्याआधी त्याच्यापर्यंत पेट्रोल येतंय का ते बघा. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की गाडी काही अंतर चालून थांबते. झाकण उघडल्यावर सुस्कारा ऐकू आला तर दोष सापडला. फिल्टर, पंपाची जाळी, कडक झालेली रबरी नळी. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर फुगवतं आणि कुजवतं, तेव्हा नळ्या त्याला चालतील अशाच घाला.

कार्ब्युरेटरमध्ये माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: फ्लोटची (बाऊलमधलं पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी. सगळे जेट त्या पातळीच्या भरवशावर काम करतात. पातळी वर गेली तर पेट्रोल ओघळतं, प्लग काळे, वास सुटतो. खाली गेली तर वळणावर आणि चढावर इंजिन उपाशी. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोकाचा आहे. ऐकू आलं नाही तरी गरम पाण्यात बुडवा, बारीक बुडबुड्यांची माळ निघाली तर भोक तिथेच. पाणी आगीपासून लांब, आधीच तापवून आणलेलं. नीडलच्या (पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर गोल चर पडली असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला. जेट तारेने कधी कोरू नका. छिद्र शतांश मिलिमीटरमध्ये मोजलेलं असतं. क्लीनर आणि हवा पुरे.

मग हवेची गळती. मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्ब्युरेटरखालची जाड पट्टी, ब्रेक बूस्टरची नळी. इंजिन आयडलवर ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. वायरी आणि डिस्ट्रिब्युटरपासून लांब. जिथे इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो तिथे गळती. ज्वलनशील स्प्रे वापरणारे आहेत, मी तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते करत नाही. थ्रॉटलचा दांडा बोटाने वरखाली हलवून बघा. तिथे खुळखुळा असेल तर आयडल कधीच स्थिर होणार नाही, बुश बसवावं लागेल.

मिक्स्चर जमवायचं ते इंजिन पूर्ण गरम, चोक न ओढलेला, एअर फिल्टर जागेवर. स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, दाबू नका, नाहीतर त्याच्या सुईला कायमची चर पडते. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर. इंजिन चालू करून अर्धा-अर्धा फेरा फिरवा, वेग सर्वांत जास्त आणि सूर सर्वांत गोल जिथे लागेल तिथे ठेवा, आयडल खाली आणा, पुन्हा तेच. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. स्क्रू पूर्ण आत नेऊनही इंजिन बंद पडत नसेल तर थ्रॉटल जास्त उघडा आहे किंवा पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. स्क्रू बाहेर काढूनही काही होत नसेल तर आयडलचा जेट बुजलाय.

पेडल दाबल्याबरोबर गाडी अडखळत असेल तर दोष ॲक्सिलरेटर पंपाचा (पेडल दाबताच जादा पेट्रोल मारणाऱ्या पंपाचा). इंजिन बंद ठेवून वरून आत बघा आणि थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलची सरळ, अखंड धार दिसायला हवी. थेंब पडले किंवा धार उशिरा आली तर डायफ्राम किंवा आतला वॉल्व्ह. जास्त वेगातच दम तुटत असेल तर मेन जेट किंवा पंपाचं प्रेशर.

एसयू जातीच्या (आत वरखाली होणारा पिस्टन असलेल्या) कार्ब्युरेटरची रीत निराळी. त्यात ॲक्सिलरेटर पंप नसतो. डॅशपॉटमधलं (पिस्टनच्या वरच्या नळीतलं) ऑइल ते काम करतं, म्हणून अडखळणाऱ्या एसयूचं ऑइल आधी बघा. आतला पिस्टन वर उचलून सोडला की टक्क आवाज करत खाली बसला पाहिजे. मिक्स्चर तपासायचं तर चालू इंजिनावर पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर बरोबर. वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बुडायला लागलं तर कमी. दोन कार्ब्युरेटर असतील तर आधी दोघांच्या हवेचा सूर जुळवा: रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एकेकाच्या तोंडाशी.

गरम गाडी पाच मिनिटं थांबवून पुन्हा चालू होत नसेल तर बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. पेडल पंप करू नका, ते आणखी पेट्रोल ओततं. पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. हे रोजचं झालं तर कार्ब्युरेटरखालची उष्णता अडवणारी पट्टी आणि सायलेन्सरवरचं पत्र्याचं आवरण कुणी काढून तर टाकलेलं नाही ना, ते बघा.

आयडल जमलं की व्हॅक्यूमची नळी पुन्हा काढून टायमिंगवर एकदा लाइट मारा. आणि डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट शेवटचा आवळल्यानंतरही मारा, आधी नव्हे. आवळताना बॉडी हमखास अंश-दोन अंश सरकते.